शिवनेरीच्या कड्यातील लेणी आणि जागतिक वारशाची यादी

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथील अधिवेशनात जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाची साक्ष देणारे बारा दुर्ग जागतिक वारसा यादीत समाविष्ट केले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तामिळनाडूत. छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान असलेला शिवनेरी हा त्या बारांपैकी एक. त्याच शिवनेरीच्या कड्यांत बौद्ध लेण्यांचे गट कोरलेले आहेत. तटबंदी उभी राहण्याच्या कित्येक शतके आधी या डोंगरात भिक्खुसंघाचा वर्षावास होत असे. डोंगर एकच आहे. परंतु यादीत गेला तो दुर्ग. त्या नामांकनाचा विषय मराठ्यांची युद्धनीती आणि दुर्गरचना हा होता, लेणी हा नव्हता. तेव्हापासून शाळेच्या मेळाव्यांत एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो: मग आपल्या लेण्यांचे काय? ती यादीत जावीत यासाठी काही करता येईल का? आणि एकच स्थळ सुचवायचे झाले, तर ते कोणते? या प्रश्नांचा विचार भावनेपेक्षा पद्धतशीरपणे व्हावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम यादीविषयी. जागतिक वारसा करार युनेस्कोने १९७२ साली स्वीकारला आणि भारत १९७७ साली त्यात सामील झाला. यादीत नाव घालण्यासाठी शाळा, संस्था, पंचायत किंवा विहार समिती यांना थेट अर्ज करता येत नाही. तो अधिकार केवळ सदस्य राष्ट्राच्या सरकारचा आहे. भारतात हे काम केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांच्यामार्फत चालते. राज्याचे पुरातत्त्व खाते प्रस्तावाची तयारी करू शकते. स्थळाचे नाव आधी देशाच्या संभाव्य यादीत जावे लागते आणि तेथे निदान एक वर्ष राहावे लागते. त्यानंतर सविस्तर नामांकन सादर होते. सांस्कृतिक स्थळांची छाननी ‘इकोमॉस’ ही स्मारकतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद करते. तिचे तज्ज्ञ जागेवर येऊन पाहणी करतात, आणि दीड वर्षाच्या सुमारास समितीचा निर्णय होतो. एका राष्ट्राला एका वर्षी एकच नामांकन पुढे करता येते. अर्थात भारतातील सर्व राज्यांची, सर्व धर्मपरंपरांची, सर्व जंगलांची आणि शहरांची स्थळे त्या एका जागेसाठी रांगेत उभी असतात. मराठा दुर्गांचे नाव संभाव्य यादीत २०२१ साली गेले आणि अंतिम यादीत २०२५ साली; हा वेग असामान्य म्हटला पाहिजे. सारनाथचे नाव संभाव्य यादीत गेले ते १९९८ साली. तथागतांनी जेथे धम्मचक्र प्रवर्तित केले त्या भूमीलाही एवढे थांबावे लागते, हे ध्यानात ठेवले म्हणजे आपली अपेक्षा आपोआप जमिनीवर येते.

निवडीचा निकष कोणता? ‘हे स्थळ आम्हांला अत्यंत पवित्र आहे’ हे विधान कितीही खरे असले तरी तेथे पुरेसे ठरत नाही. स्थळाचे मूल्य असाधारण आणि वैश्विक असले पाहिजे, म्हणजे ज्याचा त्या परंपरेशी काही संबंध नाही अशा दूरच्या माणसालाही ते स्थळ नष्ट झाल्यास आपले काही हरवले असे वाटले पाहिजे. यासाठी दहा निकष ठरलेले आहेत. त्यांतील सहा सांस्कृतिक आणि चार नैसर्गिक. त्यांपैकी एक तरी पूर्ण व्हावा लागतो. त्याखेरीज स्थळ अस्सल आहे का, त्याची अखंडता टिकली आहे का, आणि त्याचे रक्षण करणारी कायदेशीर व व्यवस्थापकीय तरतूद आहे का, हे तपासले जाते. परंतु आमच्या मते सर्वांत कठीण परीक्षा तुलनेची असते. त्या प्रकारच्या इतर स्थळांशी, विशेषतः आधीच यादीत असलेल्या स्थळांशी, तुलना करून आपले स्थळ काय वेगळे सांगते हे सिद्ध करावे लागते. ‘आमची लेणी अजिंठ्याइतकीच थोर आहेत’ असे लिहिले की प्रस्ताव तेथेच अडतो, कारण अजिंठा १९८३ पासून यादीत आहेच. अजिंठ्यात जे नाही ते आपल्याकडे काय आहे, याचे उत्तर द्यावे लागते.

या कसोट्या मनात ठेवून आपल्या समाजात ज्या स्थळांची नावे निघतात त्यांचा विचार करू.

पहिले नाव अर्थातच नागपूरच्या दीक्षाभूमीचे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह तेथे धम्मदीक्षा घेतली. एवढ्या मोठ्या समूहाने शस्त्र न उचलता, विचारपूर्वक, एका दिवसात आपली सामाजिक ओळख बदलली, ही घटना जागतिक इतिहासातही विरळच. अडचण घटनेच्या मोलाची नाही. ती वास्तूची आहे. आजचा भव्य स्तूप २००१ साली पूर्ण झाला. घटनेची खरी साक्षीदार आहे ती मोकळी भूमी. वारशाच्या भाषेत बोलायचे तर दीक्षाभूमीचे मूल्य तिच्या मोकळेपणात आणि तेथे दरवर्षी जमणाऱ्या जनसमुदायात आहे. २०२४ साली तेथील भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध समाज रस्त्यावर उतरला आणि सरकारला काम थांबवावे लागले. वारसातज्ज्ञ ज्याला ‘अखंडता’ म्हणतात ते आपल्या लोकांना पुस्तक न वाचता कळले होते.

दुसरे नाव महाडच्या चवदार तळ्याचे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, तरी प्रत्यक्ष पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. पुढे दिवाणी दावा झाला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पाण्याच्या हक्कासाठी झालेल्या संघर्षाचे इतके स्पष्ट, तारखांनिशी आणि न्यायालयीन कागदपत्रांनिशी सिद्ध होणारे दुसरे स्थळ आमच्या माहितीत नाही. मात्र आजचे तळे बांधीव काठ, पायऱ्या आणि सुशोभीकरण यांनी वेढलेले आहे, आणि १९२७ चे रूप त्यात शोधावे लागते.

अशा स्मृतिस्थळांना यादीत वाव नाही असे मात्र नव्हे. सहावा निकष घटना, विचार आणि जिवंत परंपरा यांच्याशी जोडलेल्या स्थळांसाठीच आहे. दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेट १९९९ साली यादीत गेले. २०२४ साली समितीचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले, आणि त्याच अधिवेशनात नेल्सन मंडेला यांच्या जीवनाशी व तेथील मुक्तिलढ्याशी संबंधित चौदा ठिकाणांची मालिका यादीत समाविष्ट झाली. एका माणसाच्या आणि एका लढ्याच्या ठिकाणांची एकत्र मालिका कशी मांडावी याचा तो नमुना आपल्याच राजधानीत मंजूर झाला. महाड, नाशिकचे काळाराम मंदिर, दीक्षाभूमी, चैत्यभूमी अशी मालिका कधी तरी मांडली जाईल आणि ती मांडली जावी, असे आमचे ठाम मत आहे. परंतु ते काम राष्ट्रीय पातळीवरील इतिहासकारांचे आणि शासनाचे आहे. परिसरातील स्थळ निवडून, आपल्या हातांनी त्याची तयारी करण्याचा प्रश्न असेल, तर आमचे बोट जुन्नरकडेच वळते.

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. कुकडीच्या पलीकडे लेण्याद्री, पश्चिमेस तुळजा, दक्षिणेस मानमोडीचे तीन गट (भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग) आणि मध्ये शिवनेरी. कोरकाम प्रामुख्याने इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंतचे. इतक्या थोड्या परिघात इतकी लेणी भारतात अन्यत्र क्वचितच आढळतील. तरीही पहिल्यांदा येणारा पाहुणा थोडा निराश होतो, हे मान्य केले पाहिजे. येथे अजिंठ्याची चित्रे नाहीत, कार्ल्याच्या चैत्यगृहाची भव्यता नाही, बुद्धमूर्ती जवळजवळ नाहीतच. साधे विहार, दगडी ओटे, स्तूप आणि पाण्याच्या पोढ्या. आणि नेमका हाच साधेपणा जुन्नरचे बलस्थान आहे.

तथागतांची मूर्ती घडविण्याची प्रथा येथे रुजण्यापूर्वीचा संघ कसा राहत होता, हे जुन्नर दाखवते. तुळजा लेण्यातील चैत्यगृह गोलाकार आहे: मध्ये स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचे वर्तुळ आणि वर घुमट. असे वर्तुळाकार चैत्यगृह पश्चिम भारताच्या लेण्यांत अत्यंत दुर्मीळ आहे. भूतलिंग गटातील चैत्यकमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे. अंबा-अंबिका गटातील चैत्यगृह अर्धवट राहिले आणि त्यामुळेच कोरकाम कोणत्या क्रमाने होत असे याचा पाठ ते अभ्यासकाला देते. बौद्ध स्थापत्याचा अभ्यास करणाऱ्याला पूर्ण लेण्यांपेक्षा अपुरी लेणी कधी कधी जास्त बोलकी वाटतात.

परंतु जुन्नरचा खरा ठेवा म्हणजे येथील शिलालेख. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचे वाचन १८८१ साली प्रसिद्ध केले. त्यांत जुन्नरचा वाटा मोठा आहे. ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले हे तीसहून अधिक लेख बहुधा दोन-तीन ओळींचे आहेत आणि त्यांत राजे फारसे नाहीत. लेण्याद्रीचे सहाव्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दान केले. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. दान देणाऱ्यांत यवन आहेत, म्हणजे ग्रीक मुळाचे किंवा पश्चिमेकडून आलेले लोक: इरिलाने पोढ्या दिल्या, चिट याने भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनानेही दान केले. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने शहेचाळिसाव्या वर्षी मंडप आणि पोढी दिल्याचा लेख मानमोडीत आहे. नगरात धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्खुणींचा विहार होता, असेही एका लेखावरून कळते. आडुथुम नावाच्या शक उपासकाने श्रेणीकडे जमिनीचे उत्पन्न ठेव म्हणून दिले, ते कशासाठी? करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी!

एका लेखाजवळ तर क्षणभर थांबलेच पाहिजे. त्यात वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कांस्यकारांच्या श्रेणीकडे संघासाठी रक्कम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे; व्याजातून दानाचा खर्च चालावा अशी ती योजना. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील कारागिरांचा संघ. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा असाच लेख आहे. तेथे ३००० कार्षापणांपैकी २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने गुंतवले होते. बांबूच्या टोपल्या विणणारे लोक ज्या काळी संघाच्या ठेवींचे विश्वस्त होते, तो काळ आपल्याच तालुक्याच्या दगडावर लिहिलेला आहे. त्या श्रेणी आणि पुढच्या काळातील जाती यांचा थेट धागा जोडणे अभ्यासाला धरून होणार नाही, आणि आम्ही तो जोडत नाही. पण श्रम करणाऱ्या हाताची पत एकेकाळी सार्वजनिक होती, नोंदलेली होती, तिच्यावर धम्माचा व्यवहार चालत होता, एवढे सांगायला कोणत्याही अनुमानाची गरज नाही.

यातून तुलनेच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. भारताच्या यादीतील बौद्ध स्थळांपैकी बोधगया हे तथागतांच्या संबोधीचे स्थळ आहे, सांची स्तूपशिल्पाचे, अजिंठा चित्रकलेचे, नालंदा विद्यापीठाचे. वेरूळमध्ये बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी शेजारी शेजारी आहेत. एक व्यापारी शहर, त्याचे कारागीर, त्याचे परदेशी रहिवासी आणि त्याचा संघ यांचे रोजचे नाते दाखवणारे स्थळ यादीत नाही. जुन्नर ती उणीव भरून काढू शकते. मात्र त्यासाठी लेणी एकटी मांडून चालणार नाही. कोकणातून घाटमाथ्यावर चढणारी नाणेघाटाची वाट, तेथील सातवाहन राणी नागनिकेचा लेख, घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण आणि डोंगरांच्या मध्ये वसलेले शहर हे सर्व त्याच कथेचे भाग आहेत. नागनिकेच्या लेखात वैदिक यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे. तो वगळून आपली कथा अधिक शुद्ध होईल असे कोणास वाटत असेल, तर ती शुद्धता छाननीत टिकणार नाही. त्याच वाटेने कल्याणचा सुलसदत्त आणि त्याचे धन वर आले असणार.

आता नाजूक मुद्दा. लेण्याद्रीच्या सातव्या क्रमांकाच्या विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे देवस्थान आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढून येणाऱ्या बहुसंख्य भाविकांना आपण एका भिक्खुविहारात उभे आहोत याची जाणीव नसते. याविषयी आपल्या समाजात वेदना आहे आणि ती निराधार नाही. परंतु यादीतील समावेश हा मालकीचा किंवा पूजेच्या अधिकाराचा निवाडा नसतो. महाबोधी महाविहार २००२ सालापासून यादीत आहे. त्याच्या व्यवस्थापनाचा १९४९ चा कायदा तरीही कायम आहे आणि त्याविरुद्धचे आंदोलनही. जुन्नरचे नामांकन तयार करणाऱ्याला दोन्ही गोष्टी जशाच्या तशा लिहाव्या लागतील: हे लेणे संघासाठी कोरले गेले आणि आज तेथे दुसऱ्या परंपरेची जिवंत उपासना चालते. वस्तुस्थिती लपवणारा प्रस्ताव कोणत्याही बाजूचा असो, तज्ज्ञ जागेवर आले की उघडा पडतो. आमच्या दृष्टीने याचा लाभ आपल्यालाच अधिक आहे, कारण आज फलकावर जे दोन ओळींत उरकले जाते ते अधिकृत दस्तऐवजात पुराव्यानिशी मांडले जाईल.

समावेशाने पैशाचा पाऊस पडेल हा समजही दूर व्हायला हवा. संवर्धनाचा खर्च मुख्यतः आपल्याच शासनाला करावा लागतो. उलट बंधने वाढतात. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि पुढील दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण हा नियम २०१० च्या दुरुस्तीने आजही लागू आहे. यादीत गेल्यावर त्याभोवती आणखी एक राखीव पट्टा आखावा लागतो. तेथे रोपवे, वाहनतळ, मोठी कमान, उंच पुतळा असे काही करायचे झाल्यास त्याचा वारशावरील परिणाम आधी तपासला जातो. यात आपल्या समाजाने बांधू इच्छिलेला विहारही आला. जर्मनीतील ड्रेस्डेन शहराजवळचे एल्बे खोरे एका नव्या पुलामुळे २००९ साली यादीतून वगळले गेले, आणि इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदर २०२१ साली. तेव्हा द्राक्षबागांचे शेतकरी, शहरातील दुकानदार, देवस्थानचे विश्वस्त आणि लेण्यांखाली वसलेल्या वाड्या यांच्याशी बोलणे झाल्याशिवाय प्रस्तावाची भाषा करणे आम्हांला योग्य वाटत नाही. पश्चिम घाटातील काही स्थळे २०१२ साली यादीत गेली तेव्हा अनेक गावांत जी धास्ती निर्माण झाली, ती बोलणे उशिरा सुरू झाल्यामुळेच.

मग शाळेने आणि माजी विद्यार्थ्यांनी काय करावे? लेणी ‘स्वच्छ’ करू नयेत, हे पहिले. तारेच्या ब्रशने घासलेले अक्षर पुन्हा येत नाही. शिलालेख वाचता यावा म्हणून त्यावर खडू, तेल किंवा पाणी लावण्याची सवय वाईट आहे. तिरका प्रकाश पडला की अक्षरे आपोआप दिसतात, सकाळी किंवा सायंकाळी जावे. पोढीतील गाळसुद्धा पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीवाचून काढू नये. बुद्धपौर्णिमेला मेणबत्त्या पेटवल्या जातात, त्यांचे मेण आणि काजळी दगडावर साचते. वंदना बाहेरच्या अंगणात करावी. ज्यांना लिपीची आवड आहे अशा मुलांना ब्राह्मी शिकवावी. तेहतीस व्यंजने आणि मोजके स्वर एवढाच तो अभ्यास आहे, आणि आठवीचा विद्यार्थी एका सुट्टीत ‘देयधम’ हा शब्द भिंतीवर ओळखू लागतो.

दुसरे काम केवळ या स्मरणिकेच्या वाचकांनाच करता येण्यासारखे आहे. प्रस्तावात स्थळाची आजची स्थिती आणि गेल्या काही दशकांतील झीज दाखवावी लागते. सरकारी छायाचित्रे मोजक्या, प्रसिद्ध लेण्यांची असतात. आपल्या विद्यार्थ्यांच्या सहली मात्र वर्षानुवर्षे या डोंगरांत गेल्या आहेत, आणि घरोघरच्या अल्बमांत चैत्यगृहाच्या दारात ओळीने उभ्या असलेल्या मुलांची छायाचित्रे आहेत. त्या मुलांच्या मागे कमान आहे, खांब आहे, क्वचित लेखही आहे. एखाद्या खांबाचा कोपरा कोणत्या वर्षापर्यंत शाबूत होता, रंगाने नावे लिहिण्याचा प्रकार केव्हा सुरू झाला, पोढीत पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असे, हे त्यांवरून सांगता येते. छायाचित्र पाठवताना मागे पेन्सिलीने वर्ष, महिना, डोंगराचे नाव आणि शक्य असल्यास लेण्याचा क्रमांक लिहावा. मूळ प्रत घरीच ठेवावी, शाळेकडे तिची छायाप्रत द्यावी. रंग उडालेली, अस्पष्ट, कडा दुमडलेली छायाचित्रेही चालतील.